पावसाळ्यातला मुलीचा खोकला आणि घराची सफाई: आधी गादी, मग ओल, मग केर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गेल्या वर्षी तुम्ही पुण्याहून चिपळूणला राहायला आलात. घर जुनं, जांभ्याचं, वर कौलं. सात वर्षांच्या मुलीला मृग लागल्यापासून सकाळी उठल्याउठल्या शिंकांची माळ, नाक चोंदलेलं आणि रात्री कोरडा खोकला. तुम्ही दिवसातून दोनदा केर काढता, फिनेल घालून लादी पुसता, संध्याकाळी सासूबाई घरभर धूप फिरवतात, तरी फरक नाही. आता एअर प्युरिफायर घ्यावा की हवेतला दमटपणा ओढून घेणारा डीह्युमिडिफायर, आणि गाद्या मशीनने साफ करून देणाऱ्यांना बोलवावं का, असं तुम्ही विचारलंय.

मी किनारपट्टीवर ॲलर्जी आणि दम्याचे रुग्ण तपासते, आणि जमेल तेव्हा त्यांच्या घरी जाऊन झोपायची खोली बघते. त्या अनुभवावरून सांगते, ताई: तुमच्या कष्टांत काहीच कमी नाही. पण ते सगळे जमिनीवर खर्च होतायत, आणि मुलीला त्रास देणारी गोष्ट बहुधा तिच्या उशीत आणि गादीत आहे. ती रोज आठनऊ तास त्यातच नाक खुपसून झोपते. सकाळी उठल्यावर शिंका हे लक्षण तिकडेच बोट दाखवतं.

एक गोष्ट मात्र आधीच स्पष्ट करते. मुलीला नेमकी कशाची ॲलर्जी आहे हे तपासल्याशिवाय मी ठामपणे सांगू शकत नाही. धुळीतले किडे, बुरशी, झुरळं, मांजर यांतलं काहीही असू शकतं, किंवा एकाहून जास्त. नाकाच्या मागे असलेल्या ॲडेनॉइड नावाच्या ग्रंथी वाढल्या तरी नाक चोंदतं आणि रात्री खोकला येतो. त्वचेवर थेंब टाकून हलकीशी टोच देऊन करायची चाचणी असते, तिचा निकाल पंधरावीस मिनिटांत कळतो. ती करून घ्या. आणि डॉक्टरांनी पंप दिला असेल तर घर साफ केलं म्हणून तो परस्पर बंद करू नका. सफाई ही औषधाच्या जोडीने चालते, त्याच्या जागी नाही.

आता धुळीतल्या किड्यांबद्दल (इंग्रजीत डस्ट माइट), कारण कोकणात सगळ्यात जास्त सापडणारं कारण तेच. घरच्या धुळीत ॲलर्जी करणारं जे काही असतं, त्याचा मोठा भाग या किड्यांमुळे असतो, हे १९६० च्या दशकात नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी दाखवून दिलं. किडा मिलिमीटरच्या चौथ्या हिश्श्याएवढा, डोळ्यांना दिसत नाही, चावत नाही. आपल्या कातडीचा जो कोंडा गळतो तो त्याचं खाणं. तो पाणी पीत नाही, हवेतला दमटपणा अंगात ओढून घेतो. त्यामुळे हवा कोरडी झाली, सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली बरेच दिवस राहिली, की तो सुकून मरतो. ७०-८० टक्के आर्द्रता आणि आपल्याला बरं वाटेल एवढी ऊब मिळाली की तो फोफावतो. चिपळूणला जुलैत आर्द्रता कितीतरी वेळा ९० च्या घरात असते. पुण्यात जे घर ठीक वाटत होतं ते इथे का त्रास देतंय, त्याचं उत्तर यात आहे.

ॲलर्जी प्रामुख्याने होते ती किड्याच्या विष्ठेची. तिचे कण त्या मानाने जड असतात. गादी झटकली, चादर ओढली की ते उडतात आणि अर्ध्या तासात पुन्हा खाली बसतात. हे एवढं लक्षात ठेवलंत तर पुढचं बरंच आपोआप उलगडेल. एअर प्युरिफायर हवेत तरंगणारे कण ओढतो. किड्यांचे कण बहुतेक वेळ गादीत बसलेले असतात, आणि उडतात तेव्हा ते नाकाच्या अगदी जवळ उडतात. म्हणून तुमच्या प्रश्नातलं यंत्र क्रमांक एक मी यादीत खाली ठेवते. मांजर असेल, शेजारून धूर येत असेल किंवा चाचणीत बुरशी आली, तर हेपा फिल्टरचा, म्हणजे अगदी बारीक कणही अडवणाऱ्या जाळीचा, प्युरिफायर उपयोगी पडतो, कारण ते कण बारीक आणि बराच वेळ तरंगणारे असतात.

किडा मेला तरी विष्ठा तिथेच राहते, आणि ती महिनोन्‌महिने त्रास देऊ शकते. त्यामुळे किडा मारणं आणि त्याची घाण घराबाहेर काढणं ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्ही व्हायला हवीत.

तर गादीपासून सुरुवात करा. गादी कापसाची असेल आणि दहापंधरा वर्षांची असेल, तर तिला वाचवण्यात अर्थ नाही. नुसती पिंजून घेतलीत तर कापूस फुलतो, पण घाण बरीचशी आतच राहते. सावरीच्या कापसाच्या जुन्या उशांचंही तेच. उशी ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जवळची वस्तू, म्हणून खर्च करायचा तर पहिला तिथे करा. नवी, धुता येईल अशी उशी घ्या. मग गादी आणि उशी दोन्हींना सगळ्या बाजूंनी बंद होणारं, चेनचं, घट्ट विणीचं कव्हर घाला. ‘डस्ट माइट कव्हर’ म्हणून मिळतात ती. परवडत नसेल तर रेक्झिनचं शिवून घेता येतं. घाम येतो, करकर आवाज येतो, पण काम करतं. चेनच्या फटीवर चिकटपट्टी लावा. कव्हर दर पंधरवड्याला ओल्या फडक्याने पुसायचं आणि पंख्याखाली सुकू द्यायचं.

पलंग बॉक्सचा असेल तर कोकणात तो मला अजिबात आवडत नाही. खालून हवा लागत नाही, आत जुने कपडे आणि गोधड्या कोंबलेल्या असतात, आणि गादीच्या खालच्या बाजूला बुरशी धरते. फळ्यांमध्ये फटी असलेला साधा पलंग बरा. बॉक्सच असेल तर तो रिकामा करा आणि दिवसा गादी भिंतीला उभी टेकवून ठेवा. सकाळी उठल्याबरोबर पांघरुणाची नीट घडी घालायची आपल्याला सवय असते. ती तासभर पुढे ढकला. रात्रीचा घाम आणि वाफ आधी उडून जाऊ द्या.

चादर, अभ्रा, पांघरूण आठवड्यातून एकदा कढत पाण्यात धुवायचं. इथे ‘कढत’ म्हणजे ५५ ते ६० अंश, हात घालवणार नाही इतकं. मशीनला हीटर असेल तर ६० वर लावा. नसेल तर बंबाचं किंवा गिझरचं पाणी बादलीत घेऊन अर्धा तास भिजत ठेवा, आणि तेवढा वेळ मुलीला बादलीपासून लांब ठेवा. गार पाण्यात धुतलं तर विष्ठा बरीचशी वाहून जाते, पण किडे जिवंत राहतात आणि आठवड्याभरात कामाला लागतात. आजीची गोधडी प्रत्येक घरात असते आणि मुलं तिच्याशिवाय झोपत नाहीत, हे मला माहीत आहे. पण आठदहा थरांची गोधडी दर आठवड्याला धुवून पावसात वाळवणं कुणालाही शक्य नाही. तिच्याऐवजी दोन पातळ सुती पांघरुणं द्या आणि गोधडी मे महिन्यापर्यंत प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत ठेवा. कापडी बाहुल्या आणि अस्वलं बिछान्यात असतील तर एकच आवडतं ठेवा. ते पिशवीत घालून २४ तास फ्रीजरमध्ये ठेवायचं, मग धुवायचं. थंडीने किडे मरतात, धुण्याने घाण जाते.

आता कपडे वाळत नाहीत ही खरी अडचण. पावसाळ्यात बहुतेक घरांत दोऱ्या झोपायच्या खोलीतच बांधलेल्या मी बघते, कारण तिथे पंखा चांगला असतो. एका खेपेच्या ओल्या कपड्यांतून लिटर-दोन लिटर पाणी खोलीच्या हवेत जातं. ते मुलीच्या गादीत शिरतं. दोऱ्या पडवीत न्या, किंवा घरातली एखादी खोली कपड्यांसाठी ठरवा, तिचं दार बंद ठेवा आणि पंखा लावा. चादर-अभ्रे थोडे दमट असतानाच इस्त्री फिरवून पूर्ण कोरडे करा. गरम इस्त्रीने उरलेसुरले किडेही मरतात. दमट चादर कपाटात घडी करून ठेवणं सगळ्यात वाईट.

इथे डीह्युमिडिफायरचा विषय येतो. आधी तीनचारशे रुपयांचा साधा डिजिटल आर्द्रतामापक घ्या आणि मुलीच्या उशीजवळ ठेवा. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ आकडा लिहून ठेवा. कौलारू घरात हवा सगळीकडून येते, त्यामुळे तिथे डीह्युमिडिफायर लावणं म्हणजे फुटक्या होडीतलं पाणी उपसत बसणं. मुलीच्या खोलीला माळा किंवा छत असेल, दारं-खिडक्या नीट बंद होत असतील, तर मात्र तो कामाचा आहे. संध्याकाळी खोली बंद करून सुरू करा आणि आर्द्रता ६० च्या खाली आणायचा प्रयत्न करा. ५० पर्यंत जुलैत उतरली तर उत्तमच, पण तेवढ्यासाठी जीव टाकू नका. एसी असेल तर वेगळं यंत्र घ्यायची घाई नको. एसीच्या ‘ड्राय’ मोडने बऱ्यापैकी पाणी निघतं. जाळी दर पंधरा दिवसांनी काढून धुवा, नाहीतर बुरशी तिथेच धरते आणि थेट तोंडावर येते.

खिडक्या उघड्या ठेवाव्यात की बंद, हे मला नेहमी विचारलं जातं. पुण्याचा नियम इथे चालत नाही. जुलैत बाहेरची हवा आतल्याइतकीच, कधी जास्त दमट असते. दिवसभर खिडक्या सताड उघड्या ठेवल्याने गादी कोरडी होत नाही. पण भाताचा कुकर आणि आंघोळीची वाफ घरात कोंडली तर ती मात्र भिंतींवर बसते. म्हणून स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांची वाफ एक्झॉस्टने किंवा खिडकीने बाहेर जाऊ द्या, त्यांची आतली दारं बंद ठेवा. मुलीच्या खोलीची खिडकी पाऊस उघडून ऊन पडेल तेव्हा उघडा.

भिंतीला ओल आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. जांभा पाणी पितो, आणि नैऋत्येकडून मारणारी झड ज्या भिंतीवर बसते ती आतून काळी-हिरवी पडते. असा डाग असेल तर त्यावर रंग मारू नका. रंगाखाली बुरशी वाढत राहते आणि पुढच्या पावसात पापुद्रे सुटतात. कोरड्या ब्रशने खरवडूही नका, बुरशीचे बीजाणू (तिच्या बियांसारखे बारीक कण) घरभर होतात. नाकाला एन-९५ मास्क लावून, साबणाच्या पाण्याने ओलं करून घासायचं, फडक्याने टिपायचं, आणि पंखा लावून भिंत पूर्ण सुकवायची. फरशीवर किंवा टाइल्सवर ब्लीच चालतं. चुन्याच्या किंवा प्लॅस्टरच्या भिंतीत ते आत शिरत नाही, वरचा काळा रंग तेवढा उडतो. ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड कधीही एकत्र करू नका, एकापाठोपाठ एक ओतूही नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि धाप लागणाऱ्या माणसाला तो जिवावर बेतू शकतो. डाग चादरीएवढा मोठा असेल तर ते घरच्या माणसांनी करायचं काम नाही.

खरा उपाय बाहेरच्या बाजूने आहे आणि तो एप्रिल-मेमध्ये करायचा असतो: फुटकी कौलं, पन्हळ, भिंतीच्या भेगा, झडीच्या बाजूला झाप किंवा पत्रा. या वर्षी तोपर्यंत एक करा. त्या भिंतीला लावलेलं कपाट चार बोटं पुढे ओढा आणि मुलीचा पलंग त्या भिंतीपासून लांब हलवा. कपाटात डांबर गोळ्या घालून वास झाकू नका. बुरशी त्याने थांबत नाही, दमेकऱ्याला तो वास सोसत नाही. शिवाय जी-६-पीडी हे रक्तपेशींना जपणारं विकर (एन्झाइम) जन्मतः कमी असलेल्या बाळांमध्ये नॅप्थलीनच्या गोळ्यांमुळे रक्तपेशी फुटू शकतात.

केर काढण्याबद्दल आता. दोनदा केर काढता, त्यातली एक वेळ कमी करा. झाडूने जड कण उडतात आणि अर्धा तास हवेत राहतात. मुलगी शाळेत गेली की केर काढा, वरून खाली या क्रमाने: आधी पंख्याची पाती, मग कपाटावरचा भाग, मग खिडकीची चौकट, शेवटी जमीन. पंख्याच्या पात्यावर जुना अभ्रा चढवून ओढला की सगळी धूळ अभ्र्यातच राहते. फडकी दमट हवीत, टपटपणारी नकोत. पुसण्याचं पाणीही शेवटी हवेतच जातं, म्हणून फडकं घट्ट पिळा आणि नंतर पंखा लावा. फिनेलने ॲलर्जीचं काहीच कमी होत नाही. त्याचा उग्र वास मात्र नाकाला आणि श्वासनलिकेला चरचरतो. साधं पाणी, थोडा साबण, बस. व्हॅक्यूम क्लीनर साधा असेल तर बारीक धूळ मागून परत बाहेर फेकतो. हेपा फिल्टरचा असेल तरच उपयोग, आणि तोही मुलगी खोलीत नसताना.

धुपाबद्दल सासूबाईंशी बोलणं नाजूक आहे, याची मला जाणीव आहे. धूप, उदबत्ती, डासांची कॉइल यांचा धूर ॲलर्जी निर्माण करत नाही, पण आधीच सुजलेल्या श्वासनलिकेला तो सहन होत नाही. मी घरातल्या मोठ्यांना थेट विनंती करते: देवापुढे निरांजन लावा, धूप अंगणात तुळशीपाशी फिरवा. नातीचा खोकला त्यांनीही रात्रभर ऐकलेला असतो. बहुतेक आज्या लगेच ऐकतात, आणि त्यांनी स्वतः ठरवलं की घरात ते टिकतं. डासांसाठी मच्छरदाणी लावा, तीही दर आठवड्याला धुवायच्या कपड्यांत घाला.

स्वयंपाकघरात दोन गोष्टी बघा. झुरळांची विष्ठा, लाळ आणि गळलेलं आवरण यांची ॲलर्जी आपल्याकडे बऱ्यापैकी आहे. फवारा मारू नका, त्याने दमा उसळतो. जेलचे ठिपके बिजागऱ्यांत आणि फ्रिजच्या मागे लावा, रात्री मोरीच्या जाळीवर झाकण घाला, सिंकखालची गळती बंद करा. झुरळं गेली की कपाटं आतून धुवा, कारण मागे राहिलेली घाण पुढे कित्येक महिने त्रास देते. दुसरी गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. दमट हवेत रवा, मैदा, बेसन यांतही किडे वाढतात, डोळ्यांना दिसतील ते वेगळे आणि न दिसणारे वेगळे. उष्ण प्रदेशांत असं पीठ खाल्ल्याने आधीच ॲलर्जी असलेल्या माणसांना तीव्र झटका आल्याच्या नोंदी आहेत, आणि शिजवल्याने तो धोका पूर्ण जात नाही. पावसाळ्यात पिठं थोडी थोडी आणा, घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा.

मशीनने गाद्या साफ करणाऱ्यांबद्दल: पावसाळ्यात नको. ते पाण्याच्या भांड्यात काळी धूळ दाखवतात, ती खरी असते. पण ती वरच्या थरातली. आत धाग्यांना धरून बसलेले जिवंत किडे त्याने निघत नाहीत, आणि शाम्पू किंवा वाफेने गादी आतून ओली झाली तर ती जुलैत वाळणार कुठे? तेच पैसे कव्हर आणि उशीला घाला. एप्रिल-मेच्या कडक उन्हात गादी दोन्ही बाजूंनी दिवसभर तापवणं आणि मग अंगणात, वाऱ्याच्या बाजूला उभं राहून बडवणं हे जास्त परिणामकारक आहे. बडवताना मुलीला आसपास ठेवू नका.

एवढं सगळं एकदम का सांगते, त्यालाही कारण आहे. २००३ मध्ये ब्रिटनमध्ये हजाराहून जास्त प्रौढ दमेकऱ्यांवर अभ्यास झाला. त्यात फक्त बिछान्याला कव्हर घातलं होतं आणि दम्यात काहीच फरक दिसला नाही. २००४ मध्ये अमेरिकेतल्या शहरांतल्या मुलांवर दुसरा अभ्यास झाला. तिथे मुलाला ज्याची ॲलर्जी निघाली त्याप्रमाणे कव्हर, सफाई, झुरळांचा बंदोबस्त आणि धूर कमी करणं असे उपाय एकत्र केले, आणि मुलांचे त्रासाचे दिवस खरोखर कमी झाले. माझ्या रुग्णांतही मला हेच दिसतं. एखादी महागडी वस्तू आणून थांबलेली घरं तिथेच राहतात. बिछाना, ओल आणि धूर या तिन्हींवर एकत्र काम केलेल्या घरात महिन्या-दोन महिन्यांत रात्री शांत होऊ लागतात. त्याआधी फरक दिसला नाही तरी सोडू नका, गादीतला साठा कमी व्हायला वेळ लागतो.

गणपतीआधी एक काळजी घ्या. माळ्यावरून मखर आणि सजावटीची खोकी खाली निघतात त्या आठवड्यात माझ्याकडे धाप लागलेली मुलं येतात. खोकी मुलगी घरी नसताना काढा, पडवीतच ओल्या फडक्याने पुसा, आणि विसर्जनानंतर झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यांत भरून ठेवा. दिवाळीच्या सफाईलाही तोच नियम.

मुलीची छाती वाजत असेल, बोलताना धाप लागत असेल किंवा खोकल्याने आठवड्यातून दोनदा झोप मोडत असेल, तर सफाईच्या निकालाची वाट न बघता या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा. मला मात्र तीन गोष्टी कळवा: उशीजवळच्या आर्द्रतेचे आठवड्याचे आकडे, मुलीच्या खोलीला वरून छत आहे की थेट कौलं, आणि झडीच्या भिंतीला आतून डाग आहे का. डीह्युमिडिफायरला पैसे घालायचे की नाही, ते त्यावर सांगता येईल.